कोर्टाची पूजा

बावीस वर्षं मी बॅडमिंटनची पंच आहे आणि या बावीस वर्षांत मी सगळ्यात जास्त काय केलं असेल, तर पाहुण्यांची वाट पाहिली. खेळ त्याच्यानंतर. आठवडाभर राहात्याच्या शाळेत खेळाचे तास घ्यायचे आणि शनिवार-रविवार कुठल्या ना कुठल्या हॉलमध्ये जाऊन उंच खुर्चीवर बसायचं, असा माझा शिरस्ता. आता चोपन्नावं लागलंय. त्या खुर्चीच्या तीन पायऱ्या चढताना मी तोंडातल्या तोंडात तिन्ही पायऱ्यांना नावं ठेवते. नवरा म्हणतो, सोड आता. सोडायचं माझ्याही मनात असतं, पण सोमवारी असतं. शनिवार आला की बॅगेत स्टॉपवॉच आणि बूट पडलेले असतात.

आमच्या भागात लीग आली ती टीव्हीवरून आली. संघांना मालक, खेळाडूंना रंगीत जर्सी, मागे नावं, आणि सगळ्याच्या आधी ‘प्रोफेशनल’ हा शब्द. सहा संघ झाले. अध्यक्ष झाले ते आमचे पैलवान. त्यांना सगळा तालुका पैलवान याच नावानं ओळखतो. कान मोडलेले, मान नाही, पेरूची मोठी बाग, आणि मनानं इतके मऊ की शाळेतलं पोर पडलं तर यांच्याच डोळ्यांत पाणी. पाठीचं दुखणं लागलं, डॉक्टरांनी कुस्ती बंद करायला लावली, म्हणून संध्याकाळी हॉलवर येऊन बसायला लागले आणि बघता बघता या खेळाच्या प्रेमात पडले. शटलला ते फूल म्हणतात. मी पुष्कळ वेळा सांगितलं, शटल म्हणा. ते म्हणतात, ‘फुलालाच फूल म्हनायचं, मॅडम.’

पहिल्याच वर्षी खेळाडूंचा लिलाव ठेवला होता. मला वाटलं कागदावर काहीतरी करतील. जाऊन बघते तर मुलींना एकेक करून स्टेजवर उभं केलेलं, आणि बाजारात कांद्याचा लिलाव पुकारणारा माणूस माइकवर ‘एक वार, दोन वार’ करतोय. एक मुलगी ओढणीचं टोक चावत उभी होती, तिला कुणी बोलीच लावत नव्हतं. मी उठले आणि माइक काढून घेतला. पैलवान गोंधळले.

‘टीव्हीवर तर असंच करत्यात की, मॅडम.’

‘टीव्हीवर कांदेवाला नसतो,’ मी म्हटलं.

मग चिठ्ठ्या टाकल्या. चिठ्ठ्यांनी संघ ठरले, आणि मला वाटतं आमच्या लीगमधली तेवढी एकच गोष्ट पहिल्यापासून धड झाली. बाकी मी प्रत्येक मीटिंगमध्ये बोलत राहिले. सामना पत्रिकेवरच्या वेळेला सुरू करा, पाहुणे आले तर आले. एका मुलीला एका दिवसात दोनांहून जास्त सामने नकोत. सगळीकडे एकाच जातीची मॅट हवी, कारण आज सिमेंटवर, उद्या लाकडावर खेळून पाय निकामी होतात. कोर्ट पुसायला एक माणूस फक्त त्याच कामाला असू दे, तोच चहा वाटायला नको. गुडघ्याघोट्यातलं कळणारा कुणीतरी हॉलमध्ये बसलेला असू दे. ‘सूचना चांगली आहे,’ असं म्हणून पैलवान ती वहीत लिहून घ्यायचे. त्या वहीइतकं चांगलं बॅडमिंटन महाराष्ट्रात कुठं खेळलं जात नसेल. हॉलमध्ये मात्र पालथ्या घड्यावर पाणी.

हॉलही कसा, तर बहुउद्देशीय. लग्नं, रक्तदान, सभा, आणि यातलं काही नसेल तर बॅडमिंटन. खेळताना पंखे बंद ठेवावे लागतात, नाहीतर शटल वाऱ्यानं भलतीकडे जातं. त्यामुळे मे महिन्यात आत भट्टी आणि भिंतींना बुंदीचा वास.

एका मुलीबद्दल आता सांगायला हवं. ती नेवाशाकडची. घरची शेती. शिकायला म्हणून राहात्यात मावशीकडे राहायची आणि सकाळ-संध्याकाळ माझ्याकडे खेळायला यायची. बोलणं कमी. मागच्या डाव्या कोपऱ्यात शटल टाकलं की बाकीच्या मुली रडकुंडीला येतात, ही मात्र पाठमोरी उडी मारून तिथूनच असं काही मारायची की समोरची नुसती बघत राहायची. ते मी तिला शिकवलं नव्हतं. मी शिकवलेलं असतं तर मला त्याचा एवढा आनंद झाला नसता. जिल्ह्याच्या पुढं जाणारी आमच्यात एकच होती आणि ती ही होती, हे सगळ्यांना माहीत होतं. तिलाही होतं, पण ती तसं दाखवायची नाही.

पहिल्या लीगच्या उद्घाटनाचा सामना तिचाच होता. वेळ चारची. पाहुणे आले पावणेसातला. तोवर ती तीनदा अंग गरम करून तीनदा थंड झाली होती. शेवटी भिंतीला टेकून, गुडघे छातीशी घेऊन बसून राहिली. सत्कार झाले. शाली झाल्या. मग पैलवान म्हणाले, कोर्टाची पूजा राहिली.

त्यांच्या लेखी कोर्ट म्हणजे आखाडा. माती पुजल्याशिवाय पोर उतरवायचं नाही, हे त्यांच्या वस्तादानं शिकवलेलं. नारळ बाहेर फोडा, असं मी सांगितलं होतं, पण पाहुण्यांच्या हातात तो नेटजवळच दिला गेला आणि त्यांनी तिथंच, खाली पाटा ठेवून, फोडला. नारळ चांगला पाणीदार निघाला. पाणी पार मागच्या रेघेपर्यंत उडालं. पैलवान हळदी-कुंकवाचं ताट घेऊन पुढे येत होते, तेवढ्यात माझा संयम संपला. ‘पुरे, आवरा आता,’ मी सगळ्यांदेखत त्यांच्यावर ओरडले. ते ताट घेऊन तसेच मागे सरले. कुणीतरी खांद्यावरच्या टॉवेलनं मॅट पुसली.

मी जाऊन बुटानं घासून पाहिलं. मागच्या बाजूला चिकट लागत होतं. ओल्या फडक्यानं पुसून, वाळवून, निदान अर्धा तास जायला हवा होता, आणि तेवढा मी मागितला असता तर मला मिळालाही असता. पण समोरच्या सोफ्यावर पाहुणे घड्याळ बघत होते, माझी पाठ ठणकत होती, दुपारी दोनपासून मी उभी होते. खरं सांगायचं तर मला घरी जायचं होतं. मी खुर्चीवर चढले आणि सामना सुरू केला, ‘लव्ह ऑल, प्ले.’

दुसऱ्या गेममध्ये मागच्या कोपऱ्यात शटल आलं. तिनं पाठमोरी उडी मारली, मारलंही सुरेख, आणि खाली येताना पाय आधी चिकटला आणि मग सटकला. गुडघा एकीकडे, ती एकीकडे. आवाज वर माझ्यापर्यंत आला.

पैलवानांनी तिला उचललं आणि आपल्या जीपमधून नगरला नेलं. लिगामेंट तुटलेलं होतं. ऑपरेशन झालं. मी लीगच्या अहवालात लिहिलं: ‘अचानक वळल्यामुळे दुखापत.’ तीन शब्द. मॅटबद्दल एकही नाही.

पुढचं जवळजवळ दीड वर्ष मी तिच्या गुडघ्याबरोबर काढलं. आधी पाय नुसता वाकवायचा, मग भिंतीला धरून बसायचं-उठायचं, मग जिना, मग चालणं, मग पळणं. मावशीच्या ओसरीवर मी तिच्या पायाशी बसून मोजायचे आणि ती दात आवळून वाकवायची. लोक म्हणायचे, मॅडमनी किती केलं त्या पोरीसाठी. ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. कितीदा वाटलं, सांगून टाकावं. पण आज तिला पायऱ्या चढता आल्या, आज नको. आज तिचं दुखतंय, आज तर नकोच. असं करत अळीमिळी गुपचिळी चालू राहिली.

पैलवान दर आठवड्याला पेरू घेऊन यायचे आणि ओसरीखाली उभे राहायचे. एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘मॅडम, माझंच चुकलं. त्या दिशी पूजा अर्धी ऱ्हायली. हळद न्हाई, कुकू न्हाई. आखाडा असा अर्धा सोडत नसत्यात.’

त्यांना तेव्हाच सांगायला हवं होतं की बाबा, जेवढी पूजा झाली तेवढीच नडली, उरलेली नाही. पण नारळाचं पाणी म्हटलं की पुढचा प्रश्न मलाच आला असता. मी म्हटलं, ‘असं मनाला लावून घेऊ नका.’ त्यांनी मान हलवली आणि पेरूंची पिशवी माझ्या हातात दिली.

दोन वर्षांनी भरलेल्या दुसऱ्या लीगला ती पुन्हा उभी राहिली. पहिले दोन सामने जपून खेळली, तिसऱ्यात तो कोपरा परत दिसला. मी उगाचच रेषेवरच्या पंचावर खेकसले. उपांत्य सामन्याला पुण्याच्या एका मोठ्या लीगमधल्या संघाचे प्रशिक्षक येणार होते. त्यांना दोन मुली हव्या होत्या, आणि आमच्या जिल्ह्यातली ही एकच त्यांना बघायची होती. त्यांनी स्पष्ट कळवलं होतं: तीनला येतो, पाचपर्यंत आहे, मग मला निघायचंय. आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर येणारा पाहुणा मिळाला म्हणून मला बरं वाटलं. त्या सामन्यावर तिचं सगळं होतं. वर्षभर पगार, पुण्यात राहायची सोय, रोज आपल्याहून सरस मुलींबरोबर खेळणं. वय तेवीस. आणि मुळात गुडघा उघडलेल्या मुलीला बघायला मुद्दाम कोण येतं?

त्या दिवशी सकाळची शाळा होती. मी दोन वाजता हॉलवर पोचले तर दारातच तेलाचा वास आला. आत पैलवान पितांबर नेसून उभे. कोर्टाच्या चारही कोपऱ्यांत हळद, कुंकू, कापलेली लिंबं. आखाड्याच्या मातीत घालतात तसं सगळं शास्त्राप्रमाणे: ताक, लिंबाचा रस आणि वरून तीळतेल. माझ्या नकळत, मला बरं वाटावं म्हणून, त्यांनी अकरा वाजल्यापासून हा घाट घातला होता.

‘ह्या वक्ताला काय अर्धं ठिवलं न्हाई, मॅडम,’ ते म्हणाले. ‘पोरीच्या गुडघ्यासाठी नवस हुता माझा.’

त्यावर मी जे बोलले ते मला आठवायचं नाही. हा आखाडा नाही, ही मॅट आहे, ही तेल पीत नाही, असं काहीतरी मी ओरडत होते. पैलवान हातातली रिकामी बाटली घेऊन ऐकत होते.

‘मंग पहिल्या साली ती कशानं पडली?’

‘नारळाच्या पाण्यानं.’

‘तुमाला ठाव हुतं?’

मी खाली वाकून लिंबं गोळा करायला लागले. ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग बाटली खाली ठेवली, पितांबर खोचला आणि साबणाचं पाणी आणायला गेले. कधी कुणापुढं वाकले नसतील ते पैलवान गुडघ्यांवर बसून मॅट घासत होते. आम्ही सगळेच घासत होतो. चार पाण्यांनी धुतली, कोरड्या चादरींनी पुसली, लग्नाचे मोठे पंखे लावून वाळवली. तीनला प्रशिक्षक आले. साधा, मितभाषी माणूस. हकिगत ऐकून हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. म्हणाले, ‘थांबतो.’

चार वाजता मी बूट काढून अनवाणी कोर्टावर फिरले. तीन कोपरे कोरडे. मागचा डावा कोपरा, तिचाच, तिथं तळव्याला काहीतरी जाणवलं. की जाणवलं असं वाटलं? मी दोनदा, चारदा फिरले. दुसऱ्या पंचांनी पाहिलं, ते म्हणाले, ठीक आहे. समोरची मुलगी म्हणाली, मी खेळते. पण दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि इथं तर मॅटवर खरोखरीचं ताक ओतलेलं होतं. पुन्हा धुवायला लावलं. पुन्हा वाळवलं. पावणेपाचला मी पुन्हा अनवाणी उभी राहिले आणि तळवा मला तेच सांगत होता.

ती कोर्टाच्या कडेला घाम पुसत उभी होती. या वेळी तिनं अंग थंड होऊ दिलं नव्हतं, दोन तास पळत, उड्या मारत राहिली होती. पुढे आली आणि म्हणाली, ‘मॅडम, मी काय म्हनते...’

‘तू मध्ये बोलू नकोस,’ मी म्हटलं. आणि सामना रद्द केला.

प्रशिक्षक पाच वाजून गेल्यावरही थोडे थांबले, चहा घेतला. जाताना म्हणाले, ‘पुढच्या वेळी बघू.’ असल्या वाक्यांचा अर्थ मला बावीस वर्षांत पाठ झालाय. आठवड्यानं त्यांची यादी लागली. दोन्ही मुली नाशिककडच्या होत्या.

सामना रद्द केल्याच्या दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी हॉलवर नेहमीचे चाळिशीपुढचे गडी दोन तास खेळले. पोटं सांभाळत, मागच्या डाव्या कोपऱ्यात धावत, धापा टाकत. कुणी घसरलं नाही. मी कठड्याला धरून बघत उभी होते. एखादा तरी पडावा असं वाटत होतं मला. स्वतःची लाज वाटली, पण वाटत होतं हे खरं.

त्यानंतर पैलवान हॉलवर यायचे कमी झाले. आले तरी बूट बाहेर काढून लांब बाकावर बसायचे आणि माझ्याशी हवापाण्याचं बोलायचे. लीगच्या मीटिंगला मी गेले नाही. वही पाठवून दिली त्यांनी, सूचना लिहा म्हणून. मी तशीच परत पाठवली. थकवा म्हणजे झोप आली की जाणारा असतो असं मी समजत होते. हा तसला नव्हता.

यादी लागल्यावर ती चार दिवस आली नाही. पाचव्या दिवशी सकाळी आली, तेव्हा हॉलच्या पायरीवर मी एकटीच होते. ती शेजारी बसून बुटाच्या नाड्या बांधायला लागली. मी मनाशी खूप जुळवाजुळव केली होती, त्यातलं काही जमलं नाही. सरळ सांगितलं. म्हटलं, ‘पहिल्या वर्षी मॅट चिकट होती. मी बघितलं होतं. तरी प्ले म्हटलं. अहवालातही लिहिलं नाही. यंदा थांबवलं ते त्याच्यामुळे.’

ती नाड्या बांधत राहिली.

‘ठाव हाय मला,’ ती म्हणाली. ‘त्या दिशी माज्या पायाला लागत हुतं की. अन् तुमी बूट घासून बघत हुता, तवा मी तुमच्याकडंच बघत हुते.’

‘मग बोलली का नाहीस?’

‘तुमी इचारताल असं वाटलं.’

रस्त्यावरून शिर्डीकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग होती. ती बोलताना चिडलेली नव्हती. चिडली असती तर मला सोपं गेलं असतं.

‘तुमी माज्यासाठी लई केलं, मॅडम. ते मी कधी इसरायची न्हाई. पन दोन्ही येळी गुडगा माजा हुता. अन् दोन्ही येळी मला कुनीच इचारलं न्हाई.’

मग मी ते विचारलं, जे विचारायला मला दोन वर्षं उशीर झाला होता. ‘विचारलं असतं, तर काय म्हणाली असतीस?’

तिनं दुसऱ्या नाडीची गाठ मारली आणि उठून उभी राहिली.

‘तवा न्हाई म्हनले असते,’ ती म्हणाली. ‘परवा व्हय म्हनले असते.’